मण म्हणजे चाळीस किलो नव्हे

चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारात आज भाव निघतो तो क्विंटलवर किंवा दहा किलोंवर. बोलण्यातला मण मात्र गेलेला नाही, आणि तो ४० किलोंचा धरला जातो. मण ४० शेरांचा आणि शेर म्हणजे जवळपास किलो, एवढ्यावरून हा हिशेब रूढ झाला. पण पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. असे ४० शेर ३७.३२ किलो भरतात. मणामागे पडणारा हा फरक २० मणांच्या खंडीत ५३ किलोंच्या वर जातो.

मण सगळीकडे एकच होता, हा याहून मोठा गैरसमज. वर दिलेला मण बंगाली. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे जेमतेम १२.७ किलोंचा होता. त्यामुळे २० मणांची मुंबई खंडी २५४ किलो, तर २० बंगाली मणांची खंडी ७४६ किलो होते. कापसाची खंडी या दोन्हींत बसत नाही. ती ७८४ पौंडांची, म्हणजे ३५५.६ किलोंची, आणि रुईचे भाव आजही ३५६ किलोंच्या खंडीवर बोलले जातात. म्हणून जुन्या कागदातल्या ‘दहा खंडी’चे किलो करण्याआधी माल कोणता, पेठ कोणती आणि साल कोणते, हे ठरवावेच लागते.

त्यातही कागद धान्याचा असेल तर अडचण वाढते. चिंचवडच्या देवस्थानाला मराठा राज्यकर्त्यांकडून इनामे मिळाली. अशा इनामांच्या आणि गावच्या जमाखर्चाच्या कागदांत धान्याची खंडी आणि मण येतात, ते बहुधा तराजूचे नसून मापाचे असतात. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली: हे कोष्टक भांड्यात किती मावते ते सांगते. एकाच पायलीत ज्वारी आणि साळ भरली तर वजन सारखे येत नाही. माप सपाट भरले की शिगेचे, यानेही फरक पडतो. मणाला किती पायल्या, हेही भागागणिक बदले. अशा नोंदीचे थेट किलो करणे चूकच. मूळ माप तसेच ठेवून शेजारी अंदाज लिहावा, हे बरे.

तोळ्याबाबत चूक उलट्या दिशेने होते. सराफी पेढीवर आज तोळा म्हणजे १० ग्रॅम. पण १८३३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला, तो ११.६६ ग्रॅमचा. तेवढ्याच वजनाचा चांदीचा रुपया १८३५ पासून पाडला गेला. आजीच्या यादीतला पाच तोळ्यांचा गोफ त्या हिशेबाने ५८.३ ग्रॅमचा असतो. तो ५० ग्रॅमचा धरला तर आठ ग्रॅमहून अधिक सोने कागदावरून नाहीसे होते. वाटणीपत्रे वाचताना ही काळजी घ्यायलाच हवी.

दशांश चिन्हापुढे जितके आकडे जास्त तितके रूपांतर अचूक, हेही खरे नाही. ११.६६३८ हा आकडा १८३३ नंतरच्या तोळ्याला शोभतो. पेशवाईतल्या तोळ्याला तो लावणे म्हणजे नसलेली अचूकता दाखवणे. ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा, या कोष्टकाने गुंज १२१.५ मिलिग्रॅमची होते, पण गुंजेचे बी निसर्गतःच लहान-मोठे असते. भारतीय आयुर्वेदिक योगसंग्रह या औषधयोगांच्या ग्रंथाने सोयीचे आकडे स्वीकारले: गुंज १२५ मिलिग्रॅम, मासा १ ग्रॅम, तोळा किंवा कर्ष १२ ग्रॅम, पल ४८ ग्रॅम, प्रस्थ ७६८ ग्रॅम. हा तोळा औषधापुरता. सोन्याला तो चालत नाही.

मेट्रिक वजने स्वातंत्र्याबरोबरच आली, असेही अनेकांना वाटते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, तेव्हा बाजारात शेर-मणच होते. वजनमापांचा कायदा १९५६ चा. अंमल ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झाला आणि एप्रिल १९६२ पासून मेट्रिक वजने देशभर सक्तीची झाली.  त्यामुळे पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातल्या १९६२ पूर्वीच्या पावतीवर नुसता ‘शेर’ दिसला तर त्याला किलो समजू नये.