तीनशे जंतू, सात हजार लिटर रक्त

हृदय दर मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त महाधमनीत ढकलतं. दिवसाला ७,२०० लिटर, म्हणजे पाण्याचा एक टँकर भरत आला. अंगात रक्त असतं तेही पाचच लिटर; तेच दिवसातून चौदाशेहून जास्त वेळा फिरून येतं. पोटातली महाधमनी जेमतेम २ सेंटिमीटर रुंद, आणि तिच्या भिंतीवर रोज सुमारे एक लाख ठोके बसतात. ही भिंत फार फुगली की फुटण्याआधी तेवढा भाग बदलावा लागतो. १९५४मध्ये ह्यूस्टनचे शल्यविशारद मायकल डीबेकी यांनी दुकानातून आणलेल्या डॅक्रॉनच्या कापडाची नळी घरच्या शिवणयंत्रावर शिवून वापरली. डॅक्रॉन म्हणजे पॉलिएस्टरच; आजही या कामाला तेच बहुतेक वेळा वापरतात.

पण कापड निर्जीव असतं. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, आणि जंतूंना नेमकं तेच सोयीचं पडतं. १९५७मध्ये लंडनमध्ये एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकोकस जंतू टोचून पाहिले. पू व्हायला वीस लाखांहून जास्त जंतू लागले. मग कातडीत एक रेशमी टाका ठेवून पाहिलं, तेव्हा सुमारे तीनशे पुरले! दहा हजार पटींच्या आसपासचा फरक, एवढ्याशा धाग्यामुळे. हे तीनशे जंतू एका ओळीत मांडले तर मिलिमीटरचा तिसरा हिस्साही भरणार नाही. आणि महाधमनीची नळी म्हणजे काही एक टाका नव्हे. अनेकदा पोटापासून थेट दोन्ही जांघांपर्यंत पोचणारं ते कापड असतं.

प्रयोगशाळेतल्या पोषक द्रवात जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरलं, तर तीनशेचे सात तासांत ४९ लाख होतात. शरीरात ते इतकी घाई करत नाहीत. कापडाला चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत थर विणतात, आणि त्या थरात त्यांना मारायला कधीकधी हजारपट औषध लागतं. एवढं औषध माणसाला देता येत नाही. म्हणून शंभरातल्या एक ते पाच जणांच्या नळीला होणारा हा संसर्ग महिन्यांनी, क्वचित दहा वर्षांनीही डोकं वर काढतो. नळी तशीच ठेवून नुसत्या औषधांवर भागवलं, तर बहुतेक रुग्ण दगावतात.

मग नळी काढावीच लागते. पण काढली की पायांचं रक्त तुटतं. जुना उपाय असा: काखेतल्या धमनीपासून कातडीखालून जांघेपर्यंत नवी नळी न्यायची आणि महाधमनीचं टोक शिवून बंद करायचं. त्या बंद टोकावरही रोजचे लाख ठोके बसतातच. काहींचं ते फुटतं, आणि मग हातात मिनिटंच उरतात.

१९९३मध्ये डॅलसचे शल्यविशारद पॅट्रिक क्लॅगेट यांनी मांडलेला मार्ग मला या साऱ्या शस्त्रक्रियेतला सर्वांत धाडसी वाटतो. रुग्णाच्याच दोन्ही मांड्यांतल्या खोल शिरा काढायच्या, वरची टोकं एकमेकींना जोडून पायजम्यासारखा आकार करायचा आणि तो महाधमनीच्या जागी शिवायचा. जी शीर आडवं पडल्यावर जेमतेम १० मिलिमीटर पाऱ्याचा दाब झेलायची, तिला एकदम १२० झेलायला लावायचं! त्या शिरा टिकतात. जिवंत असल्यामुळे जंतूंना तिथे सहसा पुन्हा ठाण मांडता येत नाही.

शस्त्रक्रिया साधारण आठ तास चालते. क्लॅगेट यांच्याच केंद्राने पुढे १८७ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला: पहिल्या महिन्यात दहातला एक दगावला, नऊ जगले. ज्या आजारात नुसत्या औषधांवर बहुतेक जातच, तिथे हे नऊ. आणि मांडीतली एवढी मोठी शीर गेल्यावरही बहुतेकांचे पाय फारशी तक्रार करत नाहीत. मांडीतल्याच दुसऱ्या, आणखी खोलवरच्या शिरेतून रक्त परतीची वाट काढतं.