डॅशबोर्डवरील दिव्यांची लुकलुक : कारणे व उपाय

२०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसर तहसिलीत लोधीखेडा हे गाव आहे. या परिसरातील संत्र्याचा माल, रुग्ण आणि विद्यार्थी यांची वाट बहुधा नागपूरकडे जाते. छिंदवाड्यास जावयाचे झाल्यास घाट चढावा लागतो. अशा मार्गावर रात्री वाहनाच्या डॅशबोर्डवरील दिवे लुकलुकू लागले, तर ती केवळ दिव्यांची खोड समजून दुर्लक्ष करणे धोक्याचे असते. वीजपुरवठ्यात बिघाड असल्याची ती पहिली सूचना असू शकते व पुढे समोरचे मोठे दिवेही मंदावू शकतात.

वीज कोठून येते?

इंजिन बंद असताना वाहनातील सर्व दिवे बॅटरीवर चालतात. इंजिन सुरू झाल्यावर पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर वीज निर्माण करतो, दिव्यांना पुरवितो आणि बॅटरीही भरतो. या विजेचा दाब रेग्युलेटर मर्यादेत ठेवतो. वीज दिव्यापर्यंत तारेने जाते, परंतु परत येते ती वाहनाच्या लोखंडी सांगाड्यातून. यालाच कारागीर ‘अर्थिंग’ म्हणतात. जाण्याची वाट चांगली असून परतीची वाट गंजलेली असेल, तरीही दिवा लुकलुकतो.

जुन्या जीपगाड्यांत डायनॅमो असे. इंजिन मंद चालताना तो पुरेशी वीज देत नसे. त्यामुळे चार्जिंगचा दिवा मिणमिणणे स्वाभाविक मानले जाई. अल्टरनेटर मंद गतीतही वीज देतो. म्हणून आजच्या वाहनात तसे घडल्यास तो दोष समजून तपासणी करावी.

लक्षणावरून निदान

दिवे केव्हा व कोणते लुकलुकतात, हे प्रथम शांतपणे पाहावे.

१. सर्वच दिवे इंजिनच्या गतीबरोबर कमीजास्त होत असल्यास पट्टा, अल्टरनेटर अथवा रेग्युलेटर तपासावा.

२. खड्ड्यातून जाताना सर्व दिवे क्षणभर विझत असल्यास बॅटरीची टर्मिनले किंवा अर्थिंगची तार सैल असण्याचा संभव असतो.

३. वळणाचा दिवा लावताच त्याच्या तालावर डॅशबोर्डचे दिवेही मंद होत असल्यास अर्थिंग सदोष असल्याची दाट शंका घ्यावी.

४. समोरचे दिवे स्थिर असून केवळ डॅशबोर्ड लुकलुकत असल्यास त्याचा फ्यूज, प्रकाश कमीजास्त करणारे बटण आणि मागील जोडणी पाहावी. एकच दिवा लुकलुकत असल्यास दोष बहुधा त्याच्या होल्डरमध्ये असतो.

नव्या वाहनांतील एलईडी दिवे मोबाइलच्या कॅमेऱ्यात लुकलुकताना दिसतात. डोळ्यांना ते स्थिर दिसत असल्यास तो बिघाड नव्हे.

तपासणी व दुरुस्ती

इंजिन बंद करून आरंभ बॅटरीपासून करावा. टर्मिनल हाताने हलत असेल किंवा त्यावर पांढरा-हिरवट थर साचला असेल, तर प्रथम ऋण व नंतर धन तार काढावी. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने टर्मिनले धुवावीत. मात्र हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडी करून घासावीत व घट्ट बसवून वर पेट्रोलियम जेली लावावी. जोडताना प्रथम धन व शेवटी ऋण तार जोडावी. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो. म्हणून जवळ विडी अथवा काडी पेटवू नये.

यानंतर साध्या मल्टिमीटरने दाब मोजावा. काही तास उभ्या असलेल्या वाहनाची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन सुरू असताना बहुतेक वाहनांत १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावयास हवेत. दिवे व पंखा लावल्यावर आकडा १३ च्या खाली राहिल्यास चार्जिंग अपुरे आहे. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला असण्याचा संभव आहे. काही नव्या वाहनांत हा दाब संगणक बदलत असतो. त्यांच्यासाठी पुस्तिकेतील आकडे प्रमाण मानावेत.

अर्थिंग पाहण्यासाठी इंजिन व दिवे सुरू ठेवून मापकाची एक कांडी बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूस लावावी. मग सांगाड्याच्या धातूसही लावून पाहावी. फरक ०.२ व्होल्टपेक्षा अधिक असल्यास अर्थिंगची तार सोडून, दोन्ही टोकांचा गंज व रंग खरवडून ती पुन्हा आवळावी. फिरत्या पट्ट्यापासून हात व कपडे दूर ठेवावेत.

काय करू नये

जळालेल्या फ्यूजच्या जागी तार वा चांदी बसवू नये. तार तापून वाहन पेट घेऊ शकते. अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू इंजिनची बॅटरी सोडण्याची प्रथा आहे, तिने इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होऊ शकतात. जादा दिवे वा भोंगा मूळ तारेत परस्पर जोडू नये. त्यासाठी स्वतंत्र फ्यूज व रिले वापरावा. उंदरांनी कुरतडलेली तार नुसती चिकटपट्टी गुंडाळून सोडू नये.

प्रवासात चार्जिंगचा लाल दिवा कायम राहिल्यास केवळ बॅटरीवर वाहन फार काळ चालत नाही. पट्टा तुटला असल्यास अनेक वाहनांत पाण्याचा पंपही बंद पडतो व इंजिन तापते. अशा वेळी वाहन सुरक्षित जागी थांबवून पट्टा पाहावा आणि जाणत्या कारागिराची मदत घ्यावी. विशेषतः संत्र्याच्या हंगामात व पावसाळ्यापूर्वी वाहनधारकांनी टर्मिनले, पट्टा व अर्थिंग यांची तपासणी अवश्य करून घ्यावी. थोड्या वेळाची ही तपासणी घाटातील अंधारात होणारा खोळंबा व संभाव्य अपघात टाळू शकते.