‘तुमची काळजी कोण घेतं?’ असं विचारू नका

माझ्या प्रश्नावलीच्या पहिल्या खर्ड्यात हाच प्रश्न होता. सेलू तालुक्यातल्या आमच्या गावी आजीवरच तो तपासून पाहिला. ती पटकन म्हणाली, “पोरगा पाहते न सगळं.” पोरगा, म्हणजे माझा काका, असतो पुण्यात. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात तिला घेऊन जातात शेजारच्या बाई.

आजी खोटं बोलली नाही; प्रश्नच ढोबळ होता. बेरेनिस फिशर आणि जोन ट्रोंटो यांनी १९९० मध्ये काळजीचे चार टप्पे वेगळे केले: गरज लक्षात येणं, जबाबदारी उचलणं, प्रत्यक्ष हातानं करणं, आणि ज्याच्यासाठी केलं त्याचा प्रतिसाद. फोनवर आवाज ऐकून “दम लागतोय का?” विचारणं हा पहिला, ऑटोचे पैसे पाठवणं दुसरा. हे दोन्ही पुण्यातून जमतात. तिसऱ्याला मात्र तिथंच माणूस लागतो. एका शब्दात हे सगळं विचारलं की शेजारीण आकडेवारीतून गायबच!

आता मी विचारते: मागच्या वेळी दवाखान्यात सोबत कोण होतं? पैसे कुणी दिले? गोळ्या संपल्या हे कुणाच्या लक्षात आलं?

शेवटच्या प्रश्नाला आजी जरा थांबली. “माह्याच. अन् कोनाच्या येते?”