ट्रॅकवर गाडी आदळली? दुरुस्तीत पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

चेन्नईजवळचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. ‘ट्रॅक डे’च्या निमित्ताने हौशी चालकही अशा ठिकाणी आपली गाडी पळवतात. पण एखादे वळण चुकले आणि गाडी कठड्यावर आदळली, तर बिल बहुधा मालकाच्याच खिशातून जाते. कारण नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. मग कमी बजेटमध्ये दुरुस्ती कशी करायची? दिसण्यावर वाचवा, सांगाड्यावर नको.

आधी काय तपासायचे?

ओरखड्यांकडे नंतर पाहा. बॉनेट आणि दरवाजांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? रेडिएटर गळतोय का? त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या. ही सर्वांत स्वस्त तपासणी. चाकांचे कोन मर्यादेत येतच नसतील, तर सस्पेन्शनचा भाग किंवा सांगाडा वाकलेला असू शकतो.

बंपर फाटला तर?

नवा घेण्याची घाई नको. बंपरच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा प्रकार छापलेला असतो. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. त्यावर साधा गोंद टिकत नाही, त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून वेल्डिंग करावे लागते. तडा पुढे वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला सुमारे 3 मिमीचे छिद्र पाडतात. तेही नको असेल, तर तड्याच्या दोन्ही बाजूंना छिद्रे पाडून केबल टायचे ‘टाके’ घालतात. दिसायला ओबडधोबड, पण काम भागते.

फेंडर आणि पत्रा

बहुतेक हॅचबॅकचे पुढचे फेंडर बोल्टने बसवलेले असतात. त्यामुळे मुंबईतील कुर्ला किंवा दिल्लीतील मायापुरी अशा जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून फेंडर आणून घरीही बदलता येतो. रंग जुळला नाही तरी ट्रॅकवर फरक पडत नाही. मागच्या चाकावरचा पत्रा मात्र वेल्ड केलेला असतो, तिथे डेंटिंगच करावे. पोचा हातोडीने शक्य तितका वर काढा आणि पुटीचा थर पातळ ठेवा. जाड पुटीला कंपनांनी तडे जातात. उघड्या पडलेल्या पत्र्यावर प्रायमर मारायला विसरू नका, नाहीतर गंज धरतो.

काटकसर कुठे नको?

बंपरमागच्या लांब पट्ट्या, म्हणजे चेसिस रेल, धडकेचा जोर शोषतात. त्या दुमडल्या असतील, तर ठोकून किंवा तापवून सरळ करणे धोक्याचे. आधुनिक गाड्यांतील अतिमजबूत पोलाद तापवले की कमजोर होते आणि पुढच्या धडकेत ते अपेक्षेप्रमाणे दुमडेलच असे नाही. एअरबॅग उघडली असेल, तर सीटबेल्टही तपासून घ्या. त्यातील ताण देणारी यंत्रणा एकदाच चालते. हेल्मेट आदळले असेल, तर तेही बदला.

ट्रॅकवर परतण्यापूर्वी

स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर पत्र्याला घासत नाही ना, हे पाहा. वाकलेली कड टायर कापू शकते. बंपर आणि बॉनेट हाताने ओढून बघा. वेगात सुटलेला एक तुकडा मागून येणाऱ्या चालकाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणूनच ट्रॅकवर सोडण्याआधी गाड्यांची तपासणी होते. रंग उडालेली गाडी त्यात चालून जाते, सैल बंपरची नाही.