पाणी पाहून बीज सोडा

राळेगणसिद्धी हे पारनेर तालुक्यातले गाव. इथे पाऊस थोडा. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी श्रमदान केले. नाले अडवले. पाझर तलाव दुरुस्त केला. पाणी जमिनीत मुरले आणि विहिरींना पाणी आले.

असा तलाव भरला की कोणी म्हणतो, यात मासे सोडू या. विचार चांगला आहे. पण आधी हिशोब करावा.

बीज दरवर्षी का सोडायचे? कटला, रोहू आणि मृगळ हे मासे पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. तळ्याच्या साचल्या पाण्यात घालत नाहीत. पूर्वी बीज नदीतूनच धरून आणीत. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशांना सुई टोचून अंडी घालायला लावली. तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागले.

बीज किती सोडायचे? श्रावणात तलाव तुडुंब असतो. त्याला भुलू नका. पाझर तलावाचे पाणी मुरते, उन्हाने आटते. चैत्रात किती पाणी उरते ते बघा. पाणी थोडे आणि मासे फार झाले, तर पाण्यातला प्राणवायू पुरत नाही. मासे वर येऊन तोंडे उघडतात आणि मरतात. गावाचे पैसे पाण्यात जातात.

समजा, तलाव भरला की पाच एकर पसरतो. चैत्रात अडीच एकर उरतो. हिशोब अडीच एकरांचाच धरा. एकरी २,००० धरले तर ५,००० बीज झाले. त्यात कटला २,०००, रोहू १,५०० आणि मृगळ १,५०० घ्या. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. म्हणून एकाचा घास दुसरा घेत नाही.

बीज बोटाएवढे तरी असावे. त्याला बोटुकली म्हणतात. अगदी बारीक बीज मरळ मासा खाऊन टाकतो. सांडव्याला जाळी लावा, नाहीतर मासे वाहून जातील. बीजाची पिशवी आणली की लगेच ओतू नका. पाव तास ती तळ्यात तरंगू द्या. मग तळ्याचे पाणी हळूहळू आत घ्या. सकाळी ऊन चढण्याआधी हे काम उरका.

पाणी आटू लागले की मोठे मासे आधी काढा. किती सोडले, किती निघाले, वजन किती भरले, हे वहीत लिहा. ती वही ग्रामसभेत वाचून दाखवा. मासे पुष्कळ पण लहान निघाले, तर बीज जास्त झाले. पुढल्या वर्षी कमी सोडा. मासे थोडे पण मोठे निघाले, तर बीज कमी पडले किंवा वाहून गेले. आधी सांडवा तपासा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसे पाणी पाहून बीज सोडावे.

आता तुम्ही करा: चैत्रात तीन एकर पाणी उरते. एकूण बीज किती? त्यात कटला, रोहू, मृगळ किती किती? वहीत मांडा.