मूत्ररोगतज्ज्ञ आणि शाळेतला मुलगा

मूतखडा, मूत्राशय, प्रोस्टेट यांवर शस्त्रक्रिया करणारा तो मूत्ररोगतज्ज्ञ, म्हणजे यूरॉलॉजिस्ट. पुरुषांची जननेंद्रियेही त्याच्याच कक्षेत येतात, हे नावावरून कळत नाही. साधारण १२ ते १८ वर्षांच्या मुलांत क्वचित वृषण अचानक फिरते. रक्तवाहिन्यांना पीळ बसून रक्तपुरवठा थांबतो. तीव्र वेदना होतात, पुष्कळदा उलटीही होते. मुलगा मात्र लाजेने ‘पोटात दुखतंय’ एवढेच सांगतो! सुमारे ६ तासांत शस्त्रक्रियेने पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचते; २४ तासांनंतर क्वचितच. दुसऱ्या बाजूलाही हा धोका असल्याने तेही वृषण टाके घालून जागी पक्के करतात. तेव्हा अशा मुलाला ओवा देऊन वर्गात बसवू नये. गावात मूत्ररोगतज्ज्ञ नसेल तर जनरल सर्जनही ही शस्त्रक्रिया करतात.