शहरातला बँड आणि श्रोत्याचा वाटा

बँड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात उभी राहते. लाल डगले, पितळी वाद्ये आणि पुढे नाचणारी पोरं! पण मुंबईला शिकणारा मुलगा ‘काल बँड ऐकायला गेलो होतो’ असं म्हणाला, तर तो वरातीला गेला नव्हता, बरं का. हा बँड वेगळा. चार-पाच कलावंत, गिटार, ड्रम, कुठे तबला, आणि गाणी त्यांनी स्वतः बांधलेली. शहरात याला ‘इंडी बँड’ म्हणतात. इंडी हे ‘इंडिपेंडंट’चं छोटं रूप, म्हणजे स्वतंत्र. गाणं कोणतं करायचं, किती लांबवायचं, हे ते स्वतःच ठरवतात, कंपनीचा मालक नाही. अर्थात पोटाची काळजीही त्यांची त्यांनाच वाहावी लागते.

दिल्लीत 1990 साली उभा राहिलेला ‘इंडियन ओशन’ हा असाच एक नामांकित बँड. मागे मी तो मुंबईत ऐकला. त्या दिवशी जे समजलं, ते थोडक्यात सांगतो.

मी तासभर आधीच पोहोचलो. व्यासपीठावर एकजण नुसता ढोल बडवीत होता आणि प्रेक्षकांच्या जागेच्या मधोमध एक माणूस शेकडो बटणांच्या टेबलाशी बसून मान हलवीत होता. हा आवाजाचा कारभारी. तो मधेच का बसतो? कारण जे आपल्या कानी पडणार, तेच त्याच्या कानी पडलं पाहिजे. प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळ्या तारेने त्याच्याकडे येतो. कोणाचा वाढवायचा, कोणाचा दाबायचा, हे तो ठरवतो.

कर्णे दोन तऱ्हेचे होते. मोठे आपल्याकडे तोंड करून, आणि लहान वाजवणाऱ्यांच्या पायाशी. भजनात मृदंगवाला आणि टाळकरी मांडीला मांडी लावून बसतात, त्यामुळे त्यांना एकमेकांचं ऐकू येतं. इथे एकमेकांत अंतर आणि आवाजाचा गदारोळ. पायाशी कर्णा नसला तर ताल सुटलाच म्हणून समजा.

गुरुजींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शाळेच्या संमेलनात कर्णा ‘कुईं’ करून किंचाळतो ना? कर्ण्यातला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. असा फेरा चालू होतो. उपाय सोपा आहे. कर्णे मायक्रोफोनच्या पुढे ठेवावेत आणि त्यांची तोंडं श्रोत्यांकडे करावीत. मुलांना कर्ण्याच्या अगदी जवळ बसवू नये. कानाला इजा होते.

आणखी एक गंमत. मी फार मागे बसलो होतो. काठी ढोलावर पडलेली आधी दिसे, आवाज मागाहून येई. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो. 34 मीटरवर बसलात तर सेकंदाचा दहावा भाग उशीर. विज्ञानाच्या तासाला हा दाखला उपयोगी पडेल.

मग ‘माँ रेवा’ हे गाणं सुरू झालं. रेवा म्हणजे नर्मदा. या बँडमधले राहुल राम हे पूर्वी नर्मदा बचाओ आंदोलनात काम करीत. हे गाणं नर्मदाखोऱ्यातलं, आणि 2000 सालच्या ‘कंदिसा’ या संग्रहात ते आलं. आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून हीच नर्मदा वाहते, आणि सरदार सरोवराच्या पाण्याखाली तिथलीही गावं गेली. त्या काठचं गाणं मुंबईची तरुण मुलं उभी राहून म्हणत होती! तबकडीवरचं गाणं दर वेळी तेवढंच असतं. इथे लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, तसं ते लांबत गेलं. त्या गाण्यात ऐकणाऱ्यांचाही हात लागला होता.

आता शेवटचा मुद्दा, पोटाचा. 2010 साली या मंडळींनी आपली नवी गाणी महिन्याला एक याप्रमाणे इंटरनेटवर फुकट दिली. मग खायचं काय? सिनेमाचं काम मिळालं तर ते करतात. पण मोठा आधार अशा प्रत्यक्ष कार्यक्रमांचा. म्हणजे तिकीट काढून येणारा श्रोता हाच त्यांचा अन्नदाता. कंपनीपासून स्वतंत्र असलेला कलावंत श्रोत्यांच्या जिवावरच स्वतंत्र राहतो.

हे आपल्याला नवं आहे का? पहाटे दारी आलेल्या वासुदेवाला आपल्या आयाबाया सूपभर धान्य घालीत, ते याच हिशेबाने. ते सूप रिकामं राहिलं, की ते गाणंही दारी यायचं थांबतं.

म्हणून गुरुजी, एवढं करा. गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडची गाणी मुलांकडून लिहून घ्या, आणि गाणाऱ्याला शाळेत बोलावून मानाने ऐका. जाताना त्याच्या हातावर काहीतरी ठेवायला मात्र विसरू नका.